प्राग : पेत्रशीनच्या मनोऱ्यावर आईला नेणे योग्य ठरेल का?

वाटसरू
नमस्कार. मे महिन्याच्या सुरुवातीला आईला घेऊन प्रागला जात आहे. तिचे वय ६८ आहे. सपाटीवर ती तास-दीड तास सहज चालते, पण जिना उतरताना तिचे गुडघे दुखतात. पेत्रशीन टेकडीवरच्या लोखंडी मनोऱ्याचे छायाचित्र पाहिल्यापासून तिथे जायचेच, असे तिने मनात घेतले आहे. टेकडीची चढण आणि वर मनोऱ्याच्या २९९ पायऱ्या तिला झेपतील का? शिवाय तिथून जे दिसते ते प्रागच्या किल्ल्यावरूनही दिसत असेल, तर हा खटाटोप करावा का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

नदीपार
आईंना जरूर न्या, मात्र खालून चढू नका. पायथ्याच्या उयेझ्दपासून वर जाणारी फ्युनिक्युलर रेल्वे (दोराने ओढली जाणारी गाडी) सप्टेंबर २०२४ पासून पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आली होती, त्यामुळे आपल्या तारखांना ती सुरू आहे का, हे आधी पाहून घ्या. तिच्या भरवशावर न राहता २२ क्रमांकाच्या ट्रामने पोहोर्झेलेत्सला उतरावे आणि स्त्राहोव्ह मठाच्या बाजूने टेकडीवर चालत यावे, हे मला जास्त सोयीचे वाटते. ट्रामच आपल्याला उंचीवर आणून सोडते, त्यामुळे पुढच्या वाटेला फारसा चढ उरत नाही. जवळच ‘भुकेची भिंत’ दिसेल. बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स याने ती १३६० ते १३६२ या काळात बांधून घेतली, आणि दुष्काळात गरिबांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता, असे लोक सांगतात.

मनोऱ्यात लिफ्ट आहे. ती लहान असून तिचे वेगळे पैसे द्यावे लागतात. आपल्या आईंना उतरतानाच त्रास होत असेल, तर उतरण्यासाठीही लिफ्टच घ्या.

सांजवेळ
किल्ल्यावरून किल्ला दिसत नाही, हे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. मनोऱ्यावरून उत्तरेला किल्ला आणि संत व्हिटस कॅथेड्रल संपूर्ण नजरेत येते, आणि पूर्वेला व्ल्टाव्हा नदी, चार्ल्स पूल व जुने शहर एकापाठोपाठ एक उलगडत जातात. १८९१ मध्ये मनोरा खुला झाला तेव्हा हे कॅथेड्रल अपुरे होते. ते १९२९ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनी पाहिलेला देखावा आजच्यापेक्षा वेगळा होता.

शक्यतो दुपार कलल्यावर जा. मनोरा नदीच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळी जुन्या शहराकडे पाहताना ऊन डोळ्यांवर येते. दुपारनंतर तेच ऊन पाठीमागून येऊन लाल कौलांवर पडते आणि एकेक छप्पर वेगळे उठून दिसते. मी पहिल्यांदा हिवाळ्यातल्या धुकट सकाळी घाईने वर गेलो आणि पुलापलीकडचे काहीच न पाहता परतलो, याची मला अजून हळहळ वाटते. हवा स्वच्छ नसेल, तर त्या दिवशीचा बेत सरळ पुढे ढकला.

लोहजाळी
याला ‘छोटा आयफेल’ म्हणून सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते. १८८९ चे पॅरिसचे प्रदर्शन पाहून आलेल्या चेक पर्यटक मंडळाच्या सदस्यांनी तो उभारण्याचा ध्यास घेतला, हे खरे. पण आयफेलचा पाया चौरस आहे, तर हा मनोरा अष्टकोनी आहे. उंची ६३.५ मीटर, आणि मधल्या खांबाभोवती दोन स्वतंत्र गोल जिने फिरत जातात, एक चढण्याचा, दुसरा उतरण्याचा. त्यामुळे जिन्यात समोरून कुणी येत नाही आणि दम लागला तर थोडे थांबता येते. जिना बाजूंनी उघडा असल्याने मोकळा वारा अंगावर येतो. वर गेल्यावर जोराच्या वाऱ्यात मनोरा किंचित हललेला पायांना जाणवतो. हे आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दचकणार नाहीत. सोबत पातळ स्वेटर असू द्या.

पहिला सज्जा सुमारे २० मीटरवर आहे, वरचा ५१ मीटरवर.

वाटसरू
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पोहोर्झेलेत्सवरून दुपारी जाण्याचे ठरवले आहे. आई लिफ्टने येईल आणि मी जिन्याने चढेन. पहिल्या दोन दिवसांत हवा निवळली नाही, तर तिसरी दुपार राखून ठेवली आहे.