परदेशी लीगचा करार आलाय. पैसे अडकले तर खेळाडूंची संघटना धावून येते का?

उसळता_चेंडू

भाच्याने मागच्या मोसमानंतर प्रथम श्रेणी क्रिकेटला रामराम ठोकला आणि लगेच एका परदेशी टी-ट्वेंटी लीगचं बोलावणं आलं. घरातले किचकट कागद वाचायचं काम नेहमीच माझ्या गळ्यात पडतं, तसा हा करारही आला. निम्म्याहून जास्त मजकूर त्याने काय करायचं नाही यावर. कुठल्या कंपनीची टोपी घालायची नाही, कुठल्या बुटांचा फोटो टाकायचा नाही. पैशांबद्दल एकच ओळ: मानधन ‘स्पर्धा संपल्यावर वाजवी मुदतीत’ मिळेल. वाजवी म्हणजे किती दिवस, आणि ते ठरवणार कोण? एजंटला विचारलं तर म्हणे, “सगळे अशीच सही करतात, काका.” एक तर मी याचा काका नव्हे.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात खेळाडूंची संघटना असते म्हणतात. आपल्याकडेही इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आहे. ती असल्या प्रकरणात भांडते, की नुसतीच नावाला?

लेगबाय_चार

कॅनडाची लीग आठवा. 2019 मध्ये पैसे थकले म्हणून खेळाडू बसमध्ये चढेनात, सामना उशिरा सुरू झाला. युवराज सिंग होता त्यातल्या एका संघात. त्याच्यासारख्याच्या संघाची ही तऱ्हा, तर तुमच्या भाच्याला कोण विचारतो? आधी पैसे, मग विमान.

जुना_स्कोअरर

लेगबाय, नवख्या खेळाडूला ‘आधी पैसे’ म्हणायची सोय असती तर संघटना लागल्याच नसत्या.

उसळता_चेंडू, आपली असोसिएशन लोढा समितीच्या (सुप्रीम कोर्टाने क्रिकेट बोर्डाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या) शिफारशींतून 2019 मध्ये उभी राहिली. सभासद फक्त निवृत्त खेळाडू, म्हणजे भाचा आता त्यात बसू शकेल. बीसीसीआयच्या अपेक्स कौन्सिलवर, म्हणजे बोर्डाचा कारभार बघणाऱ्या समितीवर, तिचे दोन प्रतिनिधी असतात, एक पुरुष आणि एक महिला. पण ही कामगार संघटना नाही, हे पहिल्यापासून स्पष्ट आहे, आणि पैसाही मुख्यतः बोर्डाकडूनच येतो. माजी खेळाडूंची पेन्शन, आजारपणात मदत, हे ती बघते. परदेशी फ्रँचायझीच्या, म्हणजे लीगमधल्या संघाच्या, मालकाची कॉलर ती धरेल, ही अपेक्षा सोडा.

आधीचे प्रयत्न कसे मोडले तेही बघा. 2002 च्या सुमारास माजी कर्णधार पतौडी अध्यक्ष आणि अरुण लाल सचिव अशी खेळाडूंची संघटना निघाली होती. तेव्हाचे नावाजलेले खेळाडू सोबत होते. बोर्डाने मान्यताच दिली नाही, विषय संपला.

आता ऑस्ट्रेलिया. 2017 मध्ये 30 जूनला बोर्ड आणि खेळाडूंच्या संघटनेतला करार संपला आणि दोनशेहून अधिक क्रिकेटपटू एका रात्रीत बेकार झाले. बोर्डाचं म्हणणं होतं, उत्पन्नातला वाटा वरच्या खेळाडूंपुरता ठेवू, राज्य संघांतल्यांना ठरावीक पगार. स्मिथ, वॉर्नर, स्टार्क यांचं यात काहीच बिघडणार नव्हतं. तरी ते हटले नाहीत. ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला बोर्डाने नमतं घेतलं, वाटा सगळ्यांना राहिला, महिला खेळाडूही त्यात आल्या. मला विचाराल तर संघटना म्हणतात ती ही. ज्याला गरज नाही तो गरजवंतासाठी घरी बसला. आपल्याकडे हे कधी दिसेल? माझ्या हयातीत तरी नाही.

कव्हर_ड्राइव्ह

काका, जरा अतीच. आपल्या बोर्डाने न मागता दिलंय की. कोरोनामुळे 2020-21 ची रणजी झाली नाही, तर आदल्या मोसमात खेळलेल्यांना मॅच फीच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून जाहीर केली. पेन्शनही 2022 मध्ये वाढवली. भांडण न करता मिळतंय तर संघटना हवी कशाला?

जुना_स्कोअरर

दिली ना, नाही कोण म्हणतंय? पण रणजी रद्द झाली जानेवारी 2021 मध्ये आणि भरपाई जाहीर झाली सप्टेंबरमध्ये. अधल्यामधल्या महिन्यांत ज्याच्याकडे आयपीएल नाही, नोकरी नाही, त्याने कुणाचं दार ठोठवायचं होतं? पगार मागायला आणि बक्षीस घ्यायला हात वेगवेगळे पुढे करावे लागतात.

बरं, मूळ मुद्दा. देशोदेशींच्या संघटनांची मिळून एक जागतिक संघटना आहे. 1998 ला निघाली, तेव्हा फिका म्हणायचे. 2024 मध्ये नाव बदलून वर्ल्ड क्रिकेटर्स असोसिएशन केलं. थकलेल्या मानधनाचा विषय ती वर्षानुवर्षं लावून धरतेय. तिची सभासद म्हणजे देशांच्या संघटना, आणि त्या यादीत आपली नाही. म्हणून भाच्यासाठी आत्ता एवढंच: त्या ‘वाजवी’च्या जागी तारीख घाला. मानधनाचे हप्ते पाडा, पहिला हप्ता स्पर्धा सुरू होण्याआधी. दुखापत झाली तर किती मिळणार, वाद झाला तर कुठल्या देशात आणि कोणापुढे, हेही लिहून घ्या. आणि फ्रँचायझी दिवाळखोर निघाली तर जबाबदारी आयोजकांची की नाही, हे नक्की विचारा. पैसे बहुतेक तिथेच बुडतात.

उसळता_चेंडू

विचारलं. तारखेला एजंट तयार आहे. हप्त्यांचं म्हणतो, “बोलून बघतो.” आयोजकांच्या जबाबदारीचं विचारल्यापासून फोन उचलत नाही. भाचा मात्र मलाच म्हणतोय, मामा, जास्त ताणू नकोस, दुसऱ्याला घेतील. सहीला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. कुणी अशा करारात आयोजकांची हमी लिहून घेतली असेल तर शब्दरचना इथे टाका.