कुत्र्याला कॅन्सर निघाला तेव्हा तुम्ही काय ठरवलंत? (अनुभव धागा)

धागाकर्ती

आमच्या बंड्याला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघालाय. लॅब्रडॉर, वय ९, वजन ३४ किलो. गेल्या रविवारी अंघोळ घालताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी हाताला लागल्या. पट्टा घासला असेल म्हणून आधी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी परत चाचपलं तर खांद्यांच्या पुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या मागेही तशाच. दाबलं तरी दुखत नाही, उलट लाड चाललेत समजून तो शेपटी हलवतो. सुईने नमुना काढला, शुक्रवारी रिपोर्ट आला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. चार औषधं आलटून पालटून द्यायची किमो, साधारण पाच-सहा महिने. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरतात, पण आजार बहुधा उलटतो. साधारण वर्षभर हाती लागतं, कुणाला जास्त, कुणाला बरंच कमी. नुसत्या प्रेडनिसोलोनवर (स्टिरॉइडची गोळी) एक-दोन महिने. काहीच केलं नाही तर महिना-दीड महिना.

सासूबाई म्हणतात, मुक्या जनावराला सुया टोचून कशाला छळता. नवरा म्हणतो, कर्ज काढू. लेक दहावीला आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो आत्ता माझ्या चपला घेऊन पलंगाखाली बसलाय.

सल्ले घरातच भरपूर मिळतायत, मला अनुभव हवेत. काय केलंत, त्याचे दिवस कसे गेले, पुन्हा वेळ आली तर तेच कराल का? लिम्फोमाच असायला हवा असं नाही, कुठलाही कॅन्सर चालेल. (‘चालेल’ काय लिहिलं मी! असो.)

चिंचेचा कोळ, पुणे

ताई, आधी एकच विचारते. स्टिरॉइड सुरू केलंय का? नसेल तर किमोचं ठरेपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आमच्याकडे पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट यायच्या आधीच गोळी दिली. चार दिवसांत गाठी उतरल्या आणि आम्ही शेजारी पेढे वाटले. तीन आठवड्यांनी दुप्पट होऊन परत आल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी नुसतं स्टिरॉइड पोटात गेलं की कॅन्सरच्या पेशी औषधांना निबर होतात, पुढे किमो तितकी लागू पडत नाही, शिवाय नव्याने केलेली तपासणीही धूसर येते. ते पेढे अजून घशात अडकलेत.

तरी किमो केली. माणसांच्या किमोचं जे चित्र डोळ्यांसमोर असतं तसं काही झालं नाही. कुत्र्यांना डोस बेतानेच देतात, हेतू बरं करण्यापेक्षा बरे दिवस मिळवण्याचा असतो. शेरूचे केस गेले नाहीत, फक्त मिशा गळाल्या. (पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जातात म्हणे.) प्रत्येक फेरीआधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी कमी आल्या की घरी परत. असे आम्ही दोनदा परत आलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाणं बंद, उलटीची गोळी, मग दहीभात, मग पुन्हा जसाच्या तसा.

सगळ्यात भीती वाटली ती डॉक्सोरुबिसिनची. सरबतासारखं लाल औषध. हृदयावर परिणाम करतं म्हणून आधी टूडी इको केली. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं, म्हणून ते सलाईनमधून जात असताना डॉक्टरांनी अर्धा तास स्वतः पाय धरून ठेवला. खिशात फोन वाजत होता, त्यांनी बघितलाही नाही. मी आजवर कुठल्याही माणसांच्या डॉक्टरला असं बसलेलं पाहिलेलं नाही.

किमोनंतर दोन-तीन दिवस शू, शी, उलटी हातमोजे घालूनच पुसा. घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिला अजिबात हात लावू देऊ नका.

सात महिने मिळाले. त्यातले खरोखर वाईट म्हणाल तर वीसेक दिवस. परत करीन, पण लिम्फोमा बी आहे की टी (म्हणजे कुठल्या जातीच्या पांढऱ्या पेशींचा) हे आधी तपासून घेईन. टी बहुतेक वेळा जास्त हट्टी असतो. आमचा टी होता, ते उशिरा कळलं.

उसाचा फड, सांगली

आमची गोष्ट गोड आहे, मध्येच वाचायला बरी. चौकातली काळी, कुणाचीच नाही, सगळ्यांची. मागून रक्त टपकत होतं, माजावर आली असेल म्हणून कुणी बघितलं नाही. दोन महिने झाले तरी थांबेना, तेव्हा पाहिलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. डॉक्टर म्हणाले, टीव्हीटी, भटक्या कुत्र्यांत नेहमीचंच. मीलनातून पसरतो, आणि पसरतात त्या जिवंत कॅन्सरच्या पेशीच, एका कुत्र्यातून दुसऱ्यात. जगभरातल्या या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून चालत आल्यात म्हणे. त्याचा देह कधीच मातीत गेला, गाठ अजून आमच्या चौकात फिरतेय!

इलाज व्हिनक्रिस्टिन, आठवड्याला एक. तुमच्या चार औषधांतलंच हे एक. बाटली शंभराच्या आत मिळाली. औषधापेक्षा अवघड काम दर गुरुवारी काळीला पकडण्याचं. पहिल्यांदा खारी दाखवून आली, दुसऱ्यांदा माझी स्कूटर ओळखून गटारापलीकडे पळाली. शेवटी पानवाल्याला फितूर केलं. पाच इंजेक्शनांत गाठ साफ, मग नसबंदी. चार वर्षं झाली, परवा माझ्याच पोत्यावर झोपली होती.

दुपारची झोप, नागपूर

आमच्या राणीची नसबंदी केली नाही. ‘एकदा पिल्लं होऊ दे’ म्हणत राहिलो. पिल्लंही झाली नाहीत. दहाव्या वर्षी शेवटच्या सडाजवळ वाटाण्याएवढी गाठ आली. दुधाची गाठ असेल म्हणून सहा महिने घालवले, तोवर लिंबाएवढी झाली. छातीचे एक्स-रे काढले, फुप्फुसं स्वच्छ होती, ऑपरेशन नीट झालं. काढलेली गाठ तपासायला पाठवायची का असं विचारलं, तर आम्ही म्हटलं, काढलीच आहे ना, आता कशाला खर्च.

कुत्र्यांतल्या स्तनाच्या गाठींपैकी जवळपास निम्म्या कॅन्सरच्या निघतात. हे मला आठ महिन्यांनी, ती खोकायला लागल्यावर कळलं. पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर हा कॅन्सर जवळजवळ होतच नाही, हेही तेव्हाच. याहून जास्त लिहवत नाही.

तरटावरचा राजा, नाशिक

ग्रेट डेन, वय ७. पुढचा पाय लंगडायला लागला. मुरगळला म्हणून महिनाभर गोळ्या आणि शेक. मग एक्स-रे, मनगटाच्या वर हाड वाळवी लागल्यासारखं. ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातींत आणि बहुधा याच जागी येतो. निदान होईस्तोवर डोळ्यांना न दिसणारा बहुतेकदा फुप्फुसांत पोचलेलाच असतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. मग पाय कापायचा कशाला? दुखणं थांबवायला. ते हाड इतकं दुखतं की गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, आणि कधीतरी जिना उतरताना मोडतं.

आईने दोन दिवस जेवण सोडलं. ‘लंगडा करून ठेवणार त्याला.’ ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तो तीन पायांवर उठून शू करायला गेला. पुढचा उजवा पाय गेलेला, त्यात सवयीने मागचा डावा वर उचलला आणि धाडकन आडवा झाला. उठला, आमच्याकडे बघितलं, आम्हीच पाडलं असावं असं. आठवड्याभरात पारिजातकाच्या बुंध्याला खांदा टेकून पाय उचलायला शिकला. त्या झाडाची त्या बाजूची साल अजून गुळगुळीत आहे.

घरात फरशीवर पाय सरकतात, म्हणून दारापासून बिछान्यापर्यंत तरट टाकलं. तीन-तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन या किमोच्या औषधाचे चार डोस. अकरा महिने. आईच त्याला शेवटपर्यंत भरवायची.

नाव नको

खोटं कशाला बोलू. तिसऱ्या किमोनंतर पैसे संपले म्हणून थांबवली. महिन्याला १६-१७ हजार होत होते, त्यात मुलाची फी. असं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं. नंतर स्टिरॉइडवर सात आठवडे राहिला, खाऊन-पिऊन होता. सुरू करण्याआधी पूर्ण कोर्सचा हिशोब मांडा, पहिल्या बिलाचा नको. मुंबईत असाल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या प्राण्यांच्या हॉस्पिटलातही जाऊन या, मला उशिरा सुचलं.

बर्फातली भाकरी, न्यू जर्सी

नाकातला ट्यूमर. इथे रेडिएशन मिळतं: आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे, दर वेळी भूल देऊन. सगळंच मिळतं म्हणून ‘थांबा’ असं कुणीच म्हणत नाही, ते आपणच म्हणावं लागतं. आम्ही दुखणं कमी करण्यापुरते चार डोस घेतले. मोत्या पाच महिने मोकळ्या नाकाने झोपला. पूर्ण कोर्स न केल्याबद्दल नवऱ्याशी अजून वाद होतो.

बोंबलाचं कालवण, रत्नागिरी

आम्ही काहीच केलं नाही. वय १३, गावठी. अंगणात अचानक कोसळला, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. सोनोग्राफीत प्लीहेवर मोठी गाठ, फुटून पोटात रक्त. साधी गाठ असू शकते किंवा रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, पोट उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि कॅन्सर असला तर ऑपरेशन करूनही दोन-तीन महिनेच. रक्त द्यायला दुसरा कुत्रा नाही, मोठं हॉस्पिटल घाट चढून. घरी आणला.

तिसऱ्या दिवशी तो उठून मांजरामागे धावला. रक्त थांबून अंगात जिरलं की असं होतं, डॉक्टर म्हणाले. त्या सकाळी आमचा निर्णय डळमळला, गाडीची चावीसुद्धा हातात घेतली होती. नवव्या दिवशी परत कोसळला. डॉक्टर घरी आले, आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तो माझ्या मांडीवर घोरायला लागला, मग दुसरं. परसात चिकूखाली ठेवला.

साधी गाठ असेल का? हा प्रश्न रात्री येतो. तेच केलं असतं का, याचं उत्तर मात्र हो आहे. घाटातल्या वळणांवर तो गेला असता.

धागाकर्ती

सगळ्यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, सासूबाईंनाही. नागपूरच्या राणीपाशी त्या उठून आत गेल्या.

स्टिरॉइड सुरू केलं नव्हतं, नशीब. बी निघाला. लेकीला सांगितलं, तिला आधीच माहीत होतं. तिने रिपोर्टचा फोटो काढून ठेवला होता. पहिल्या व्हिनक्रिस्टिननंतर पाचव्या दिवशी गळ्याखाली गाठी शोधून सापडेनात. पूर्ण कोर्सचा हिशोब मांडलाय, सोळा फेऱ्यांचे पैसे वेगळे काढलेत. आजार उलटला तर दुसरी किमो करायची नाही, हेही आत्ताच लिहून फ्रिजवर लावलंय. तेव्हा डोकं ठिकाणावर नसेल.

आज सातवी फेरी होती. पांढऱ्या पेशी कमी, परत पाठवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी त्याची गोळी तूपपोळीत गुंडाळली, पिवळे हातमोजे चढवले आणि म्हणाल्या, ‘चला महाराज, बागेत.’ त्याने पोळी खाल्ली, गोळी फरशीवर ठेवली.