शब्दचर्चा : बंदुकीच्या ‘रिकॉइल’ला मराठीत काय म्हणाल?

रत्नागिरी

पक्ष्यांच्या शिकारीवरचा एक अमेरिकी लेख मराठीत आणतो आहे. विषय दोनच : बारा बोअरच्या बंदुकीचा खांद्याला बसणारा दणका कसा आवरायचा, आणि कोणत्या पाखरासाठी कोणतं काडतूस घ्यायचं. अडलो तो पहिल्याच परिच्छेदात. ‘रिकॉइल’साठी, म्हणजे याच दणक्यासाठी, ‘प्रतिक्षेप’ हा शब्द हाताशी आहे. पण लगेच खाली ‘फ्लिंच’ येतं, म्हणजे चाप ओढण्याच्या क्षणीच डोळे मिटणं, खांदा मागे घेणं. ती तर शाळेत शिकलो त्या ‘प्रतिक्षिप्त क्रिये’च्या जातीतली गोष्ट. एकाच पानावर बंदुकीचा प्रतिक्षेप आणि माणसाची प्रतिक्षिप्त क्रिया आली की वाचणारा चकणारच. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांच्या तोंडी काय आहे ते सांगा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे पाखरांची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे कवडे-रानकोंबडे मारायचा परवाना नव्हे. भाषांतराच्या माथ्यावर हे ठळक छापणार आहे.

कुडाळ

प्रतिक्षेप काढून टाका, दादा. आमच्या घरात आधी ठासणीची बंदूक होती, मागाहून काडतुसाची आली. दोन्हींच्या बाबतीत शब्द एकच : लाथ. “दस्तो खांद्याक घट लाव, नायतर लाथ बसतली.” लेखातले तीन परिच्छेद या एका वाक्यात बसतात. दस्ता आणि खांदा यांच्यात बोटभर जरी फट राहिली, तरी बंदूक तेवढ्या अंतरात वेग घेऊन येते आणि हाडावर आदळते. फट नसेल तर ती खांद्याला नुसती ढकलते, अंगासकट.

ठासणीच्या बंदुकीत दारू माणूस स्वतः मोजून घालायचा, तेव्हा एकाच बंदुकीची लाथ दोन वेळेला दोन तऱ्हेची. म्हणून जुनी माणसं बंदुकीला दोष देत नसत, आत भरलेल्या बाराला देत. भारी बार, हलका बार. तुमच्या लेखात ‘लोड’ असेल तिथे बेधडक ‘बार’ लिहा.

रत्नागिरी

‘बार’ तर फारच चपखल. बार भरतात, बार उडतो, बार फुसका निघतो. तंबाखूचाही भरतात आणि लग्नाचाही उडवतात, म्हणजे शब्द जिवंत आहे, कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

दापोली, सध्या पुणे

मी ट्रॅप नेमबाजी करते, उडत्या मातीच्या तबकड्यांवर. ‘लाथ’ मलाही आवडला, पण लेखात दोन वेगळ्या गोष्टी असणार आणि त्यांना एकच शब्द लावू नका.

एक गणितातली. संवेग अक्षय्यतेचा नियम आठवा. 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने पुढे गेले आणि बंदूक 3.2 किलोची असली, तर छऱ्यांपुरत्या हिशेबाने ती सेकंदाला 4 मीटरने मागे येते. ऊर्जा साधारण 25.6 ज्यूल. तोच वेग ठेवून छर्रे 24 ग्रॅम केले तर मागे येण्याचा वेग 3 मीटर, आणि ऊर्जा 14.4 ज्यूल. छर्रे पाव भागाने घटले, पण ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर आली, कारण तिथे वेगाचा वर्ग लागतो. जळत्या दारूचा वायू आणि मधलं प्लास्टिकचं बूच धरलं तर दोन्ही आकडे आणखी चढतात. आंतरराष्ट्रीय ट्रॅप स्पर्धेत 24 ग्रॅमची मर्यादाच आहे. बंदूक जड घेतली तरी धक्का कमी होतो, फक्त ती दिवसभर रानात वागवायची कोणी, हा प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट खांद्याला जाणवते ती. तिच्यात दस्त्याची लांबी येते, रबराची गादी येते, उभं राहणं येतं. वजन पुढच्या पायावर, कंबरेतून किंचित पुढे वाकून, गाल दस्त्यावर टेकलेला. गाल उचलला तर दस्ता गालफडावर बसतो. वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक तोच धक्का जास्त वेळात वाटून देते, झेल घेताना आपण हात मागे नेतो तसा. गणित तेवढंच, खांद्याला सौम्य. मी पहिल्याला ‘धक्का’ म्हणेन आणि दुसऱ्याला ‘मार’.

कुडाळ

ताई, हिशेब पटला, पण ‘मार’ नको. बंदुकीचा मार म्हटलं की इकडे पल्ला समजतात, किती लांब मारते ते. “या बंदुकीला मार कमी आहे” असं लिहाल आणि वाचणारा ती दुकानात परत करेल. खांद्याला बसते ती लाथच.

दापोली, सध्या पुणे

बरोबर, काका. मान्य. धक्का आणि लाथ.

‘फ्लिंच’साठी ‘बिचकणं’ घ्या. ‘दचकणं’ चालणार नाही, कारण माणूस दचकतो आवाज झाल्यावर आणि बिचकतो आधीच. सगळा दोष त्या ‘आधीच’मध्ये आहे. आमच्याकडे शिकवताना खऱ्या काडतुसांत एखादं रिकामं, सरावाचं काडतूस न सांगता मिसळतात. चाप ओढल्यावर बार उडत नाही, आणि नळी खाली झुकते ती सगळ्यांना दिसते. तेव्हा पटतं की नेम चुकत नव्हता, माणूस बिचकत होता. यावर उपाय मन घट्ट करणं हा नाही. हलका बार घ्यायचा, कानाला संरक्षण लावायचं, आणि थकण्याआधी थांबायचं. निम्मी भीती आवाजाचीच असते.

गुहागर

काडतुसांच्या भागाबद्दल लिहितो, कारण इथे चुकीचा शब्द पडला तर नळी फुटेल. ‘शेल’ला ‘कवच’ वगैरे मुळीच नको. काडतूस हा शब्द कोशकार पोर्तुगीजातून आला म्हणतात. किनाऱ्यावरचाच म्हणा ना.

आता खोक्यावरची लांबी. 70 किंवा 76 मिलिमीटर असं छापलेलं असतं, ती उडालेल्या काडतुसाची लांबी असते. न उडालेल्याचं तोंड पाकळ्यांसारखं दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं. त्यामुळे 76 चं काडतूस 70 च्या घरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, सहज जाऊन बसतं आणि माणसाला वाटतं, बसलं म्हणजे चालतं. पण बार उडताना पाकळ्यांना उघडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळीवर कोरलेला आकडा आणि खोक्यावरचा आकडा पडताळून पाहा, हे वाक्य भाषांतरात कितीदाही आलं तरी चालेल. जुन्या विलायती दुनळीत घर 65 चंही असतं.

बोअरचा अर्थही एकदा द्या. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा केला आणि तसे बारा गोळे मिळून एक पौंड भरले, की ती बारा बोअर. म्हणून वीस बोअर ही बारापेक्षा बारीक. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकलं तर ते पुढे घसरून अडकतं, मागून बाराचं भरता येतं, आणि मग काय होतं ते सांगायला नको. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. ‘पिवळं’ हा शब्द भाषांतरात गाळू नका.

छऱ्यांच्या नंबराचंही उलटंच : नंबर मोठा, छर्रा बारीक. अमेरिकी मापाने 8 नंबर 2.3 मिलिमीटर, 6 नंबर 2.8, 4 नंबर 3.3. आपल्याकडचे एल.जी. आणि एस.जी. हे त्या नंबरांत शोधू नका. ते फार मोठे छर्रे, डुकरासाठी माहीत असलेले. पाखरांच्या लेखात त्यांचं काम नाही.

वेंगुर्ला

तिकडच्या प्रथेप्रमाणे कवड्यासारख्या लहान पाखराला साडेसात-आठ नंबर, फेझंट पक्ष्याला चार ते सहा. बदकांना मात्र शिसं चालत नाही. अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत, कारण तळ्याच्या चिखलात पडलेले छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी छर्रा हलका, म्हणून साधारण दोन नंबर मोठा घेतात आणि वेगही जास्त ठेवतात. म्हणजे धक्क्याचा हिशेब पुन्हा करा.

रत्नागिरी

सगळं उतरवून घेतलं : धक्का, लाथ, बार, बिचकणं. एकच उरलं, ‘पॅटर्न’. तिकडे 40 यार्डांवर कागद लावून बार काढतात आणि 30 इंची वर्तुळात किती छर्रे आले ते मोजतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा; फुल चोकच्या नळीतून सुमारे 70 टक्के यायला हवेत. याला ‘आकृतिबंध’ लिहायला हात धजत नाही. ‘फैलाव’?

कुडाळ

नाम कशाला शोधता? गुरं पांगतात तसे छर्रे पांगतात. चोक अरुंद असेल तर कमी पांगतात, मोकळा असेल तर जास्त. ‘किती पांगले ते मोजा’ असं लिहा, आमच्या वाडीतला कोणीही वाचेल.

रत्नागिरी

लिहिलं.