काळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक आणि बागेची छोटी भिंत: घरच्या घरी करायचंय, सल्ला हवा

विजयनगरकर, सांगली

नमस्कार मंडळी. घर विजयनगरात, माती अस्सल काळी. गेटपासून पायरीपर्यंत 20 फूट लांब, 10 फूट रुंद अंगण आहे. घर बांधताना ठेकेदाराने मातीवर थेट तीन इंचांचा कोबा ओतून दिला. आता त्याचा प्रत्येक तुकडा वेगळ्या उंचीवर बसलाय. उन्हाळ्यात फटीत बोट जातं, पावसाळ्यात मधला भाग वर येतो आणि पाणी गेटकडे जायचं सोडून पायरीला येऊन थांबतं. तो फोडून ब्लॉक बसवायचेत. एक छोटी कार आणि दोन दुचाकी आत येतात.

मागच्या कंपाउंडला लागून अडीच फूट उंचीची भिंत घालून त्यात माती भरायची, असंही घरच्यांच्या मनात आहे. गुलाब, मोगरा वगैरे.

मेव्हणा आणि मी रविवारी रविवारी हाताने करणार. ब्लॉक 60 मिमी जाडीचा घेऊ की 80 चा? खाली परत पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) करू का? एक जण म्हणतो, या खेपेला सहा इंच जाड केलं की तडा जाणार नाही. आणि भिंत विटेची की दगडाची? मृग लागायच्या आत उरकायचंय.

आप्पा मुकादम, कराड

राव, तुम्ही ब्लॉकचं विचारताय, पण तुमचं दुखणं ब्लॉकच्या खाली आहे.

मी कालव्याच्या कामांवर मुकादम होतो. नोकरी सगळी काळ्या मातीशी भांडण्यात गेली. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. फुगताना सहा इंचाचा कोबासुद्धा उचलते, फक्त तुकडे मोठे पडतात. म्हणून कालव्याचं अस्तर काळ्या मातीवर थेट टाकत नाहीत. मध्ये न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा थर दाबून घेतात. साहेब लोक त्याला सीएनएस म्हणायचे, आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींचं त्यावर मोठं काम आहे. अंगणाला तेवढा थाट नको, पण रीत तीच.

पीसीसी नकोच. 16 इंच खणा. त्यात 12 इंच मुरूम, दीड इंच क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि वर अडीच इंचांचा, म्हणजे 60 मिमीचा ब्लॉक. घरच्या कारला 60 चा पुष्कळ झाला. 80 चे जास्तीचे पैसे मुरमात घाला. 200 चौरस फुटांवर फूटभर मुरूम म्हणजे 200 घनफूट, दोन ब्रास. पण हा दाबलेला झाला. सुटा अडीच ब्रास मागवा. क्रश सँड पाव ब्रास पुरते, थोडी वर धरा.

तळ उघडा पडला की घाई करू नका. मे महिन्यातली माती भट्टीतून काढल्यासारखी कोरडी असते. तिच्यावर तसाच मुरूम टाकलात तर पहिल्या पावसात ती खालून पाणी ओढून घेईल आणि सगळं वर ढकलेल. आधी भेगा मिटेपर्यंत तळाला बारीक पाणी सोडा. मग पाय रुतणार नाही इतपत सुकू द्या, चिखलावर काम नको. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरता आलं तर उत्तम, काळी माती मुरमात मिसळत नाही.

मुरूम ट्रॉलीतून उतरवायच्या आधी बघा. मूठभर ओला करून दाबला तर गोळा झाला पाहिजे, पण मूठ उघडल्यावर तळहाताला चिकट लेप राहता कामा नये. लेप राहिला तर त्यात माती जास्त आहे, ट्रॉली परत पाठवा. चार-चार इंचांचे थर द्या, प्रत्येक थर शिंपून धुम्मस (हाताने चोपायचं जड ठोकणं) मारा. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळाला तर तो आणा, खांदे वाचतील. बुटाची टाच जोरात मारून बघा. खळगा पडला तर अजून मारा, पुढचा थर घालू नका.

उतार मुरमातच काढून घ्यायचा, वरच्या वाळूत नाही. पायरीपासून गेटपर्यंत 20 फुटांना 4 इंच द्या. पाण्याची लेव्हल नळी घ्या, आत बुडबुडा राहिला नाही ना ते बघा. दोन्ही टोकांना सळया ठोकून समान खुणा करा, गेटकडची खूण 4 इंच खाली घ्या आणि दोरी ताणा. आणि गच्चीवरून पावसाचा पाइप अंगणात पडत असेल तर तो आधी गटारीपर्यंत न्या. अंगणाच्या एकाच कोपऱ्यात पाणी मुरलं तर तेवढाच कोपरा फुगतो. तुमचा मधला तुकडा का उचलला, ते त्या जागी पाणी कुठून येतं ते बघितलं की कळेल.

वाळूसाठी एक इंची जीआय पाइपचे दोन तुकडे समांतर ठेवा, मध्ये क्रश सँड पसरा आणि अॅल्युमिनियमची पट्टी पाइपांवरून ओढा. पाइप काढून खाचा भरा. त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, मेव्हण्याने सुद्धा. क्रशरचं पिठासारखं बारीक कच वापरू नका, ते पाणी धरून बसतं.

झिगझॅग ब्लॉक घ्या, गाडीच्या चाकाखाली एकमेकांत अडकून राहतो. चारही कडांना कर्ब (काठाचे ठोकळे) बसवून त्याच्या पाठीला काँक्रीट द्या. लोक इथंच पैसे वाचवतात आणि वर्षभरात कडेची रांग बाहेर सरकते.

डोंगरउतार, सातारा

अंगणाचं आप्पांनी सांगितलंच, मी भिंतीचं सांगते. आमचं घर गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या उताराला. इथे भिंत नीट नसेल तर आषाढात शेजारच्यांची बाग आपल्या दारात येते. माहेर जावळीतलं, तिथे शेताच्या ताली नुसत्या दगडांच्या, सिमेंटचा कण नाही. तो पाऊस सोसून उभ्या आहेत, कारण पाणी फटींतून निघून जातं. भिंत मातीच्या वजनाने पडते त्याहून जास्त वेळा मागे कोंडलेल्या पाण्याने पडते.

विजयनगरकर दादा, पहिली गोष्ट म्हणजे कंपाउंडला टेकवून माती भरू नका. कंपाउंड नुसतं उभं राहण्यासाठी बांधलेलं असतं, ओल्या मातीचा रेटा घेण्यासाठी नाही. हातभर मोकळी जागा सोडा आणि वाफ्याला चारही बाजूंनी स्वतःची भिंत करा. दुसरं, उंची अडीचवरून दीड फुटावर आणा. मोगऱ्याला आणि गुलाबाला तेवढी पुरते, शिवाय मुळं खालच्या जमिनीत जातातच. दीड फूट भिंत दोन नवखे लोक रचू शकतात.

काळ्या मातीवर वीट नको. जमीन हलली की विटेची भिंत पायऱ्या-पायऱ्यांनी तडकते. डबर, म्हणजे ओबडधोबड दगड, रचलेली भिंत थोडी इकडेतिकडे बसते आणि तशीच उभी राहते. चर दीड फूट खोल, तळाला सहा इंच मुरूम चोपून घ्या आणि सगळ्यात मोठे दगड तिथे जाऊ द्या. पायाची रुंदी सव्वा फूट, माथ्याला फूटभर. बाहेरचा चेहरा किंचित वाफ्याकडे कलता ठेवा, अगदी ओळंब्यात नको.

दगड लांबीने आत जाऊ द्या. चेहरा मोठा दिसावा म्हणून आडवा लावायचा मोह होतो, पण तसा लावलेला दगड पहिल्यांदा निसटतो. खालच्या दोन दगडांचा सांधा वरच्या दगडाने झाकला पाहिजे. चार-चार फुटांवर एक दगड भिंतीच्या आरपार जाईल असा शोधा. डबराच्या ढिगातून असे दगड सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, नाहीतर ते पायात संपतात. मधल्या पोकळीत चिपा ठोकून भरा, माती लिंपू नका. दगड ठेवला की त्यावर उभं राहून हलवून बघा. डुगडुगला तर चीप बाहेरून नाही, आतून मारायची.

भिंतीच्या आतल्या अंगाला सहा इंच खडी आणि मग माती. मध्ये जुनं जिओटेक्स्टाइल किंवा शेडनेट दुहेरी करून लावा. खणलेल्या काळ्या मातीचा फार तर तिसरा हिस्सा वाफ्यात वापरा, बाकी पोयटा आणि शेणखत.

जांभ्याचा मोह असेल तर एक सांगते. दिसायला सुंदर, पण पाणी पितो आणि वाहतुकीला महाग पडतो. तुमच्याकडे काळा दगड असताना कशाला? आणि कुणाला चार फुटांच्या वर भिंत घालायची असेल तर हे वाचून घालू नका, इंजिनिअर गाठा.

शामरावनगरचा नावाडी, सांगली

ब्लॉकच्या बाजूने माझंही मत. 2019 च्या पुरानंतर आमच्या दारातले ब्लॉक खचले होते. उचलले, धुतले, खाली भर घालून परत तेच बसवले. शेजाऱ्यांना कोबा ब्रेकरने फोडावा लागला. पाचपन्नास ब्लॉक जास्तीचे आणून ठेवा, पुढे तोच रंग मिळत नाही.

विजयनगरकर, सांगली

आप्पा, ताई, मनापासून आभार. वाफा दीड फुटाचा करायचं घरात मंजूर झालं. दोन शंका आहेत. ब्लॉकखाली वाळूत सिमेंट मिसळून कोरडा माल टाकतात, तो टाकू का? आणि सांध्यांत काय भरायचं? गवत येतं म्हणतात.

आप्पा मुकादम, कराड

सिमेंट नको. जमीन हलली की तो थर पापडासारखा फुटतो आणि एखादा ब्लॉक उचलायचा म्हटलं तर पहार लागते. सांध्यांत प्लास्टरची बारीक क्रश सँड, पूर्ण कोरडी. ओली असेल तर वरच अडकते. झाडूने आत लोटा, वरून प्लेट फिरवा (खाली जुनी रबरी चटई धरा, नाहीतर कडा उडतात), परत लोटा. पंधरा दिवसांनी सांधे खाली बसलेले दिसतील, तेव्हा पुन्हा एकदा. सांधे पूर्ण भरलेले असले की गवत कमी येतं, अजिबात येणार नाही असं नाही. आलं की मूळ धरायच्या आत उपटायचं.

आणि मुरूम टाकायच्या आधी गेटपर्यंत दोन इंची पीव्हीसी पाइप पुरून ठेवा, आत नायलॉनची दोरी ओढून. आज गेटला दिवा नको असेल, दिवाळीला हवा होतो.