आजोबांचा नांगर दुरुस्त केला, पण जमिनीत घुसतच नाही

नवखा_औतवाला

नमस्कार मंडळी. गोठ्यामागं आजोबांचा बैलांचा नांगर पडून होता, एका फाळाचा, माती पलटी करणारा. फाळ (जमीन कापणारं पातं) आणि फळी (माती पलटवणारा वाकलेला भाग) लोखंडी, इसाड (पुढचा लांब दांडा) आणि रुमणं (मागची धरायची मूठ) लाकडाचं, पुढं साखळी अडकवायला भोकांची पट्टी. वीसेक वर्षं कुणी हात लावलेला नव्हता. मी महिनाभर त्याच्या मागं लागलो, तारेच्या ब्रशनं गंज काढला, नटबोल्ट चार दिवस डिझेलमध्ये भिजवून सोडवले (दोन तुटलेच), इसाडाला भुंग्यानं पोखरलं होतं म्हणून तसंच मोजून नवीन बसवलं, आणि शेवटी सगळ्याला लाल ऑइलपेंट मारला. दिसायला एकदम भारी.

काल जुंपला आणि सगळी हौस फिटली. टोक दोन बोटं माती खरवडतं की लगेच वर येतं. रुमण्यावर सगळा भार टाकून दाबलं, इसाडाला दगड बांधला, तरी तेच. वडील म्हणतात नांगर हलका आहे, अजून वजन बांध. शेजारचे काका म्हणतात छोट्या ट्रॅक्टरला लाव, ओढेल बरोबर. पण मला तो बैलांनीच चालवायचाय, आजोबा त्यावर कसे चालायचे ते लहानपणी बघितलंय. काय चुकतंय?

बांधावरचा

भाऊ, पहिलं म्हणजे तो दगड सोडा. आणि रुमणं दाबणं बंद करा, कारण तुम्ही मागून दाबता तेव्हा नांगर त्याच्या टाचेवर, म्हणजे तळाच्या मागच्या टोकावर, टेकून पुढचं टोक वर उचललं जातं, म्हणजे जितका जोर लावाल तितका नांगर बाहेर येणार. खोल घालायचा असेल तर रुमणं किंचित वर उचलायचं असतं. ऐकायला उलटं वाटतं पण दोन तास (नांगराच्या चऱ्या) ओढलेत की हाताला कळतं.

आता खरी गोष्ट. नांगर वजनानं घुसत नाही, टोकाच्या झुकावानं घुसतो. सपाट फरशीवर उभा ठेवा, एक सरळ पट्टी घ्या आणि खालच्या बाजूनं फाळाच्या टोकापासून मागच्या टाचेपर्यंत लावून बघा. मधे उजेड दिसला पाहिजे, बैलांच्या नांगराला साधारण ३ ते ५ मिलिमीटर. म्हणजे टोक खाली झुकलेलं असतं आणि ओढलं की स्वतःच जमिनीत शिरतं. तुमच्या आजोबांनी वर्षानुवर्षं चालवून टोक झिजवलेलं असणार, बोथट होऊन वर वळलं असेल, मग पट्टी टेकून बसेल नाहीतर डुलेल. तसं असेल तर त्यावर अख्खा बैल बसवला तरी घुसणार नाही.

हीच सरळ पट्टी नांगराच्या बाजूलाही लावा, न नांगरलेल्या जमिनीला घासत जाते ना त्या बाजूला. तिथंही टोक किंचित त्या जमिनीकडं झुकलेलं हवं, नाहीतर नांगर नांगरलेल्या बाजूला सरकत राहतो आणि तास अरुंद होत जातो.

ऐरणीजवळ

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. मी फक्त लोहाराकडं जायच्या आधीची एक गोष्ट सांगतो, कारण यात लोकांचे फाळ फुटलेले बघितलेत. तुमचा फाळ पोलादी आहे की ओतीव लोखंडाचा, ते आधी ठरवा. मागच्या बाजूला, जिथं झिजत नाही तिथं, ग्राइंडर हलकाच टेकवा. लांब, पांढऱ्या-पिवळ्या, फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर पोलाद. आखूड, लालसर, जागच्या जागीच विझणाऱ्या आल्या तर ओतीव. पोलादी असेल तर लाल करून ठोकून टोक काढता येतं. ओतीव असेल तर घणाचा एक घाव आणि तुकडे हातात, त्याला नवीन फाळ हाच उपाय. ओतीवाला वेल्डिंग होतं पण आधी सगळा तुकडा तापवून, निकेलच्या रॉडनं, आणि मग राखेत पुरून हळूहळू थंड करावं लागतं, घाई केली की शेजारून नवीन चीर.

ओतीव म्हणजे कमी दर्जाचा असं नाही बरं का. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्समनं १८०३ साली अशा फाळाचं पेटंट घेतलं होतं, त्यात खालची बाजू झटकन थंड करून कडक करायचे आणि वरची मऊ राहायची, मग चालता चालता वरची बाजू लवकर झिजून धार आपोआप निघत राहायची. मला तरी हे फार हुशारीचं वाटतं.

आणि तुटलेले दोन बोल्ट फाळाचे असतील तर साधे षटकोनी डोक्याचे लावू नका. चपट्या डोक्याचे, मानेशी चौकोनी असे लागतात, डोकं फाळाच्या बरोबरीनं बसलं पाहिजे. वर राहिलं तर माती अडकते आणि डोकंही महिन्याभरात झिजून जातं.

रोखठोक

एवढा कुटाणा कशाला, नांगर भिंतीला टांगा आणि रोटाव्हेटर मारून मोकळे व्हा. गंमत नाही, हिशोब करा. तास २० सेंटिमीटर रुंद धरला तर एक एकर नांगरायला २० किलोमीटर चालावं लागतं, वळणं वेगळी. तुम्ही पण चालणार आणि बैल पण.

बांधावरचा

@रोखठोक हिशोब बरोबर आहे तुमचा. पण त्यांनी एकरांचं विचारलंच नाही, नांगर का घुसत नाही ते विचारलंय. आणि ट्रॅक्टरचं तर नावच काढू नका. मुळाला किंवा दगडाला अडकलं की बैल थांबतात, ट्रॅक्टर थांबत नाही. इसाड मोडेल नाहीतर रुमणं बरगडीत बसेल.

काळी_माती

दादा तो लाल रंग फळीवरनं काढा आधी!! फाळ आणि फळी आरशासारखी घासलेली पाहिजे, रंगावर किंवा गंजावर माती चिकटते, मग माती पलटी व्हायच्या ऐवजी फळीवर ढीग साचतो आणि बैल नुसती माती ढकलत राहतात. पॉलिश पेपर मारा, नाहीतर रेताड जमिनीत थोडा वेळ ओढा, रेती घासून काढते. काम झालं की पुसून ग्रीस फासून ठेवायचं, एका पावसात सगळी चमक जाते. नवीन लाकडाला मात्र रंगापेक्षा जवसाचं तेल बरं.

दुसरं, वापसा (नांगरायला योग्य ओल) होता का? मूठभर माती दाबून लाडू होतो पण टिचकी मारली की फुटतो, तेव्हा जुंपायचं. कोरड्या कडक जमिनीत चांगला नांगर पण नाचतो, आणि ओलीत घातला तर ढेकळं विटांसारखी वाळतात.

साखळी पट्टीच्या कुठल्या भोकात आहे? वरच्या भोकात घातली की खोल जातो, खालच्या भोकात उथळ. साखळी आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेनं लागते आणि नांगर उचलला जातो, थोडी लांबवून बघा. एकेकच बदल करा, सगळं एकदम नको, मग कळत नाही कशानं फरक पडला.

नवखा_औतवाला

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय, सॉरी. पट्टी लावली तर उजेड सोडाच, पट्टी डुलत होती. ठिणग्या लांब आल्या, म्हणजे पोलाद. लोहारानं लाल करून टोक ओढून काढलं, खाली वाकवलं, फक्त टोकाला पाणी दिलं (तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक केलं). आता ४ मिलिमीटर दिसतोय. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, हां, आजोबा पण दरवर्षी फाळ घेऊन कुठंतरी जायचे. हे आधी सांगितलं असतं तर!

आज सकाळी वापसा बघून जुंपला. साखळी मी शहाणपणानं सगळ्यात वरच्या भोकात ठेवली होती, तर पहिल्याच तासाला तो एवढा खोल गेला की बैल जागेवर थांबले आणि मी रुमण्यावर आपटलो. दोन भोकं खाली घेतली, मग वीतभराच्या आत सरळ चालला. रुमणं नुसतं धरायचं होतं. उजवा बैल तासात चालायला तयार नव्हता, वडील पुढं चालले तेव्हा चालला.

एकच राहिलंय, फळीच्या वरच्या कोपऱ्यात अजून लाल रंग आहे आणि माती बरोबर तिथंच चिकटतेय. @काळी_माती कितव्या नंबरचा पॉलिश पेपर घेऊ?