मदत हवी आहे: अंधारून आल्यावर धबधब्याचे फोटो हलतात

पागोळी
लोकहो, जरा तातडीचं आहे. उजेड उतरला की छोट्या धबधब्यांचे फोटो काढतो. पाणी मऊ यावं म्हणून शटर लांबवतो, तर झाडंझुडपं सगळी फिस्कटतात, दगडसुद्धा कडक येत नाहीत आणि पाण्याचा मधला पट्टा चुना फासल्यासारखा पांढरा. ट्रायपॉड आहे, त्यामुळे कृपया 'ट्रायपॉड वापरा' सांगू नका. सेटिंग काय ठेवू तेवढं सांगा. शनिवारी परत जातोय.

शटरवाला
कॅमेरा? लेन्स? शटर किती सेकंद? एक तरी फोटो डकवा. नाहीतर आम्ही काय अंगारा देऊ?

रीळमास्तर
आमच्या वेळी वेल्व्हिया ५० फिल्म भरून जायचो. काही सेकंदांच्या पुढे गेलं की फिल्मचा वेग पडायचा, मीटर सांगेल त्याहून जास्त वेळ द्यावा लागे, वर रंग हिरव्याकडे झुकत. रिळात ३६ फोटो, दाबायच्या आधी माणूस विचार करायचा. हल्ली तीनशे फोटो काढून मग धागा काढतात.

पागोळी
मास्तर, रीळ नाही हो, डीएसएलआर आहे. सोबत आलेलीच १८-५५ लेन्स. एफ/२२, आयएसओ १००, साधारण ८ सेकंद. फोटो ऑफिसातून चढत नाहीये.

भिजकी_छत्री
सरळ एनडी फिल्टर घ्या. मी १० स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) घेतला, आयुष्य बदललं. भर दुपारीसुद्धा पाणी मलईदार येतं.

शटरवाला
@भिजकी_छत्री, त्याला उजेड कमी पडतोय आणि तुम्ही आणखी काळी काच लावायला सांगताय. धन्य.

@पागोळी, एफ/२२ पहिलं सोड. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, सगळं चित्रच मऊ पडतं. दगड कडक न येण्याचं एक कारण तिथेच आहे. एफ/११ वर छिद्र मोठं होतं, तेच ८ सेकंद २ सेकंदांवर येतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ४०० केलास की अर्धा सेकंद. छोट्या धबधब्याला पाव ते एक सेकंद पुष्कळ, त्यात पाण्याच्या धारा सुट्या दिसतात. ८ सेकंदांत धार राहतच नाही, नुसतं धुकं.

काजळी
पोलरायझर फिल्टर कोणी कसा सांगितला नाही? ओल्या कातळावरची आणि पानांवरची चमक कापतो, मग हिरवा खरा हिरवा दिसतो. हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही. मी पावसाळ्यात लेन्सवरून काढतच नाही.

शटरवाला
मान्य, पण दीड-दोन स्टॉप खातो. सहा वाजता झाडीत एका सेकंदाचे चार होतात. पानं आणखी हलणार.

काजळी
मग सहाला जाऊ नये! मुंबईच्या पावसाळ्यात ढग असले की झाडीखाली साडेचारलाच संध्याकाळ असते. जुलैत सूर्य मावळतो सव्वासातला, म्हणून सातपर्यंत ताटकळायचं कशाला?

कल्याण_स्लो
जागा कुठली आहे ते कोणीच विचारलं नाही. बोरिवलीचं उद्यान असेल तर विषयच संपला, अंधाराच्या आत बाहेर काढतात. येऊर, आरे म्हणाल तर बिबटे आहेत.

पागोळी
जागा सांगणार नाही. मागच्या वर्षी एक सांगितली होती, महिन्यात तिथे रीलवाले आणि वेफर्सच्या पिशव्या. कर्जत लाइनला आहे, माथेरानच्या डोंगराखाली, एवढंच.

ठाणेकर_काका
एवढं पुरे आहे. तिथे डोंगर पश्चिमेला, म्हणजे सूर्य मावळायच्या बराच आधी सावली पडते. काजळी म्हणतायत तसं लवकर पोच.

आता मला सांग, ट्रायपॉड कुठे उभा करतोस? लेन्सचं व्हीआर (हात हलला तर चित्र सावरणारं) चालू असतं का? मधला दांडा वर काढतोस?

पागोळी
काका, पाण्यातच. काठावर करवंदीची जाळी आहे, जागाच नाही. दांडा वर असतो, वाकावं लागत नाही. व्हीआर आहे तसंच असतं. पण मी म्हटलं ना, ट्रायपॉडचा प्रश्न नाहीये.

ठाणेकर_काका
अरे, दगड हलतायत ना फोटोत? दगडाला वारा लागत नाही. वाहतं पाणी पायांवर आपटलं की ट्रायपॉड सतत थरथरतो, डोळ्याला दिसत नाही. पाय तळाच्या कातळावर टेकव, वाळूवर नको. दांडा खाली घे, बॅग लटकवायची तर हेलकावे खाणार नाही अशी. व्हीआर बंद, दोन सेकंदांचा टायमर. अंधारात फोकस भरकटतो, म्हणून दगडावर टॉर्च मार, फोकस धर आणि मॅन्युअलवर टाक.

पानं मात्र यानेही थांबणार नाहीत. धबधब्याचा स्वतःचाच वारा असतो, जवळचं नेचं कायम डोलतं. तिथे दोन फोटो काढायचे. एक पाण्याचा, शटरवाल्याने सांगितला तो. दुसरा, कॅमेरा न हलवता, एफ/५.६, आयएसओ ३२००, म्हणजे १/६० सेकंद मिळेल. घरी सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यातली तेवढी पानं पहिल्यावर मास्कने बसव.

रीळमास्तर
म्हणजे फोटो काढायचा नाही, शिवायचा.

ठाणेकर_काका
मास्तर, डार्करूममध्ये तुम्ही हाताने सावल्या पाडून कागद काळा-गोरा करायचात ते काय होतं?

काजळी
पांढऱ्या पट्ट्याचं राहिलंच. हायलाइटची वॉर्निंग चालू कर, जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. पाणी काळं लुकलुकलं की शटर कमी करत जा. झाडी काळपट दिसेल, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उचलता येते. जळलेलं पाणी परत येत नाही. आणि संध्याकाळी सगळं निळं पडतं, व्हाइट बॅलन्स क्लाउडी किंवा शेडवर बघ.

भिजकी_छत्री
अवांतर: कॅमेरा घरी आणल्यावर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. माझ्या लेन्सला एका पावसाळ्यात बुरशी आली, काचेवर जाळी धरली.

कल्याण_स्लो
त्या पट्ट्यातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, निघण्याआधी बातम्या बघा. आणि ट्रायपॉड पाण्यात म्हणजे तुम्हीही पाण्यात. वर डोंगरावर कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. गढूळ झालं की फोटो राहू दे, बाहेर या.

पागोळी
सगळ्यांचे आभार. एफ/११, दांडा खाली, व्हीआर बंद, चारला हजर. बंदी तपासतो. पोलरायझर कोणाकडे उसना मिळेल का? ५५ मिमीचा, ठाणे ते बदलापूर कुठेही येऊन नेतो.

काजळी
लेन्सच्या कडेवर व्यासाची खूण असते, तिथला आकडा वाचा. ५५ ही १८-५५ मधली फोकल लेंथ, म्हणजे झूमचा आकडा झाला.