ग्लॅडिएटर १/७२ : दोन पाती की तीन, आणि तारा कशाच्या?

कोथरूडकर
एअरफिक्सचं प्लॅस्टिकचं १/७२ मॉडेल जोडायला घेतलंय : ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, एकावर एक दोन पंखांचं ब्रिटिश लढाऊ विमान. १९३७चं, ब्रिटिश हवाई दलाच्या ७२ स्क्वाड्रनचं चंदेरी विमान करायचंय. प्रोपेलर दोन पात्यांचा की तीन? आणि पंखांमधल्या तारांसाठी पुण्यात काय मिळेल? शिवणाचा दोरा फार जाड दिसतो.

पेठकरी
१९३७ म्हणजे मार्क १, पहिली आवृत्ती. मर्क्युरी ९ इंजिन, दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर. तीन पात्यांचा धातूचा मार्क २ला, तो इथे नको.

मूळ तारा चपट्या होत्या, पण ७२ पट लहान केल्यावर ते दिसत नाही. तपकीर गल्लीत ४२ गेजची इनॅमल तांब्याची तार मागा, जाडी ०.१ मिमी. काचेवर ठेवून स्टीलच्या पट्टीनं लाटली की सरळ होते. वरचा पंख बसवायच्या आधीच ०.३ मिमीची भोकं पाडा, रंगही उरकून घ्या. अंतर डिव्हायडरनं घ्यायचं, तार मिलिमीटरभर जास्त कापायची, टोकाला फेविकॉलचा टिपका. सुपरग्लू नकोच! त्याच्या वाफेनं कॉकपिटची काच पांढरी पडते.

जुना_स्क्रू
तारा जास्त लावू नका. गल्लत होते ती गाँटलेटचे, म्हणजे ग्लॉस्टरच्याच आधीच्या विमानाचे, फोटो बघून. त्याला दर बाजूला दोन पंखांमधल्या खांबांच्या दोन जोड्या. डिझायनर फॉलंडनं ग्लॅडिएटरला एकच ठेवली, म्हणजे तारा आणि हवेचा अडथळा दोन्ही घटले. चाकांनाही एकेकच पाय, स्प्रिंग चाकाच्या आत. वेग ताशी ३७०वरून ४०७ किमीवर गेला, अर्थात त्यात इंजिनाचाही वाटा आहे.

धडापासून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा उडताना ताणल्या जातात. वरच्या पंखाच्या मधून खालच्या पंखाकडे येणाऱ्या जमिनीवर पंखाचं वजन पेलतात. दोन्ही हव्यात, फुली दिसली पाहिजे.

कोथरूडकर
तांब्याऐवजी नायलॉनचा बारीक दोरा चालेल?

पेठकरी
चालेल, पण ताणून बांधला की वरचा पंख वाकतो. तांब्याची तार ओढत नाही, फक्त बोट लागलं की मुडपते. म्हणून तारा सगळ्यात शेवटी.

जुना_स्क्रू
आणि चंदेरी लॅकर सध्याच्या पावसात मारू नका, दमट हवेत दुधाळ होतं. दोन दिवस ऊन पडू द्या.